खारूताईचा पदर

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी भाषा संवर्धन मंडळाच्या निदर्शनास असं आलं की, सभासदांच्या नातवंडांना मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देतात. बाब अत्यंत गंभीर असल्याने तिच्यावर चहा-पोह्यांसह चर्चा झाली. पोरं ज्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, त्या मोबाइलमध्येच मराठी घालावी, म्हणजे तिचा खेळ बनवावा, असा ठराव एकमताने संमत झाला.

मंडळाचे सचिव यज्ञेश्वर पिंपळापुरे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण टिपणी लिहायची खाज काही गेली नव्हती. त्यांचं खरं दुखणं मात्र टिपणीत बसणारं नव्हतं. घरात गंधाली नावाची नऊ वर्षांची नात होती आणि तिच्याशी आपल्या भाषेत घटकाभर गप्पा माराव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. ते विचारायचे, "काय करून राहिली गं, गंधू?" ती म्हणायची, "कुछ नहीं, दादू." तेवढ्यावर संभाषण निकाली निघायचं, आणि ते म्हाताऱ्याच्या मनाला फार लागायचं.

खेळ बनवायचं काम तेलीबांधा भागातल्या एका लहानशा कंपनीतल्या इंद्रजीतकडे दिलं. इंद्रजीत घरचा मराठी, म्हणजे त्याला सगळं समजायचं. पहिल्याच बैठकीत त्यानं भिंतीवर खारूताई दाखवली. टपोरे डोळे, झुपकेदार शेपूट. तिनं फांद्यांवरून टुणटुण चालत जायचं, उडी मारून पाच खड्डे ओलांडायचे आणि वाटेतली मराठी अक्षरं गोळा करायची. "किती गोड," असं सगळे म्हणाले. खेळून कोणी पाहिलं नाही. खेळणं हे मुलांचं काम, मंजूर करणं मंडळाचं, अशी कामाची वाटणी होती.

मग सूचना सुरू झाल्या. खारूताईला नऊवारी नेसवावी, असं ठरलं. लुगड्याच्या रंगावर दोन बैठका झाल्या. नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि खारूताई उजवीकडे तोंड करून चालते, त्यामुळे नथ दिसतच नाही, असा पेच पडला. त्यावर एक उपसमिती नेमली गेली. ती अजून आहे.

पाचव्या बैठकीत उपाध्यक्ष कलावतीबाईंनी मुद्दा काढला. "लुगडं नेसून अशी धबाधबा उडी मारून राहिली, हे बरं दिसते का? आधी पदर खोचावा, हात जोडावे, मग मारावी."

"आंटी, उसमें दो सेकंड जाएँगे," इंद्रजीत म्हणाला. "वो तो चलती रहेगी, तब तक गिर जाएगी."

"संस्काराले वेळ लागतेच," यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि त्यांनी सुधारणा इतिवृत्तात नोंदवली.

खेळाचं लोकार्पण थाटात झालं. बटण दाबलं की खारूताई चालता चालता पदर खोचायची, चालता चालता हात जोडायची आणि उडीची वेळ येईपर्यंत खड्ड्यात गेलेली असायची. खड्ड्याच्या तळाशी मात्र ती फार सुरेख उडी मारायची. गंधाली अकरा वेळा पडली.

"दादू, ये कूदती ही नहीं."

"मारते ना उडी. जरा धीर धर, पोट्टे."

"गिरने के बाद मारती है," गंधाली म्हणाली आणि मोबाइल ठेवून खेळायला निघून गेली.

घरोघरून तक्रारी आल्या. पदराचा सोपस्कार वगळावा, असं इंद्रजीतनं सुचवलं. पण 'खारूताईचा पदर काढणे' हा विषय आपल्या सहीनं कार्यसूचीवर घ्यायला कोणी धजेना. खड्डे बुजवावेत तर मूळ ठरावात पाच खड्डे स्पष्ट लिहिलेले. शेवटी प्रत्येक खड्ड्यापुढे 'सावधान, पुढे खड्डा आहे. आदेशावरून' असा फलक लावायचं ठरलं. फलक मोठा आणि सुवाच्य होता. त्याच्यामागे खड्डा दिसेनासा झाला.

आता कॉलोनीतलं एकही मूल खेळेना. तेव्हा मंडळानं दोष शोधून काढला. तो मुलांमध्ये होता. त्यांच्यात चिकाटी नाही, ती बाणवण्यासाठी नियम झाला, की जो पाचही खड्डे ओलांडल्याचं छायाचित्र सादर करील, त्यालाच गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मंचावर जाता येईल. मुलांनी नियम नीट वाचला. त्यात कोणी ओलांडायचे, ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मोबाइल आजी-आजोबांच्या हातात दिले आणि ती मैदानात पळाली.

आठवडाभरात समता कॉलोनीपासून शंकर नगरपर्यंतचे सगळे ज्येष्ठ मराठीभाषक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. खेळ घरटी रोज सरासरी चार तास खेळला जातो, असा अहवाल यज्ञेश्वररावांनी काढला. तो वाचून दुसऱ्या शहरातल्या एका मंडळानं या खेळाला पुरस्कारही जाहीर केला. त्यांनी चित्रं पाहिली होती.

फक्त सचिवांच्याच घरचं छायाचित्र यायचं होतं. मुदत रविवारी संध्याकाळी सहाची. यज्ञेश्वरराव सकाळपासून सोफ्यावर बसून पडत होते. फलक दिसायच्या आधीच बटण दाबायचं, एवढं त्यांना आता उमगलं होतं. पावणेसहाला चार खड्डे मागे पडले.

"खोच गं बाई, खोच पदर. आता हात काहून जोडून राहिली? चाल, माझी राणी," असं ते खारूताईशी लाडात येऊन बोलत होते.

गंधाली मैदानातून आली होती. ती दारातच थांबून ऐकत राहिली. आजोबा एवढं आणि असं बोलतात, हे तिला ठाऊक नव्हतं. मग ती हळूच येऊन त्यांच्या खांद्याला टेकली. तिनं शब्द मनात एकदा जुळवून पाहिले.

"आजोबा," ती म्हणाली, "खोच म्हणजे काय?"

पाचवा खड्डा समोर आला होता. यज्ञेश्वररावांनी मान वर केली नाही.

"बाद में, बेटा. अभी डिस्टर्ब मत करो."

"ठीक है," गंधाली म्हणाली आणि आत गेली.

खारूताईनं पदर खोचला, हात जोडले आणि खड्डा ओलांडला. 'शाब्बास, तुमची मराठी उत्तम आहे,' अशी अक्षरं झळकली. यज्ञेश्वररावांनी छायाचित्र लगेच मंडळाकडे पाठवून दिलं.

तुम्ही ही हकिगत इथवर वाचलीत, तेव्हा तुमची मराठीही उत्तमच असणार. मघाशी वाचता वाचता तुमच्याजवळ येऊन कोणीतरी काहीतरी विचारत होतं. काय विचारत होतं, ते आठवतं का?