आईचा आवाज आणि तीन पहारेकरी

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरात कॉम्प्युटर फक्त मला कळतो! बाबांना तो टीव्हीचा बिघडलेला भाऊ वाटतो, ताई त्यावर नुसतं टाइप करते आणि आई धूळ पुसता पुसता तो बंद करून टाकते. त्यामुळे आईचा आवाज सांभाळायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्याकडेच येणार हे उघड होतं.

आईच्या घशात गाठ निघाली होती. वाईट जातीची. सर्जन म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल." घरात कुणाला घास गिळवेना. मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी मार्ग सुचवला. ऑपरेशनआधी आईची रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर टॅबवर बटण दाबलं, की तिचं वाक्य तिच्याच आवाजात!

झालं! खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि आईला माइकपुढे बसवलं. घसा बसलेला, एकेका वाक्यानंतर पाण्याचा घोट. पण जोर काय विचारता! "गॅस बंद केला का?" "ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला?" "मला काही झालेलं नाही, तुम्ही झोपा."

बाबा जरा ओशाळून म्हणाले, "अगं, एखादं माझ्यासाठीही बोल की. आपलं... प्रेमाचं वगैरे."

आईने विचार केला. माइकजवळ सरकली. "अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

बाबांनी कपाळ चाचपलं. खरंच होता!

"याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेते," ताई म्हणाली.

मी ओरडलोच. "पेनड्राइव्ह? अगं, व्हायरस तिथूनच तर शिरतात! जितक्या कॉप्या, तितक्या चोरवाटा. आईचा आवाज एकाच जागी राहील आणि पहारा माझा!" तिच्या फोनमधलं रेकॉर्डिंगसुद्धा मी समोर उभं राहून पुसायला लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात दोघांनाच थांबू देत होते. बाबा आणि ताई गेले, मी घरी. काहीतरी करायला हवं म्हणून कॉम्प्युटरची सुरक्षा वाढवायला घेतली. एक अँटिव्हायरस होताच. पण त्याला डुलकी लागली तर? दुसरा आणून बसवला. दोघांनी आल्या आल्या एकमेकांची गचांडी धरली! पहिला म्हणे दुसरा संशयास्पद, दुसरा म्हणे पहिलाच चोर. कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा धापा टाकायला लागला.

उपाय शोधायला इंटरनेटवर गेलो, तर स्क्रीनभर लाल चौकट. "सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो व्हायरस आहेत! आमचा मोफत रक्षक ताबडतोब घ्या!"

शेकडो! आणि आई त्यांच्यात एकटी! मी बटण दाबलं. त्याबरोबर आधीचे दोघं पहिल्यांदाच एकमत होऊन भुंकायला लागले, "याला आत घेऊ नका!" मला वाटलं, नव्या माणसावर जळतायत मेले! मी दोघांनाही बंद केलं आणि तिसऱ्याला सन्मानाने आत घेतलं.

माझ्या डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलायला लागली. गॅस गेला, टॉवेल गेला, चष्मा गेला. जुने घरचे व्हिडिओ गेले. सगळीकडे अगम्य अक्षरांच्या रांगा. शेवटी एक निरोप उमटला: फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा.

कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे धावलो.

"पैसे पाठवू का?"

"पाठवून किल्ली मिळेलच असं नाही. आणि या कुलपाची किल्ली अजून दुसऱ्या कुणाकडे नाही. कॉपी आहे ना?"

"नाही."

"का?"

"व्हायरस लागू नये म्हणून."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. रिपोर्ट वाचून झाल्यावर सर्जननी पेन अगदी असंच खाली ठेवलं होतं.

तेवढ्यात ताईचा फोन. एकाच वेळी हसत आणि रडत होती. "झालं रे ऑपरेशन! गाठ पूर्ण निघाली! आई सुखरूप आहे!"

"आणि... आवाज?"

"अरे वेड्या, तो जाणारच होता ना! त्याचं काय एवढं? तो आहेच की तुझ्याकडे!"

मी दुकानातल्या स्टुलावर मटकन बसलो. स्टुलावर कुणाचा तरी कीबोर्ड होता. तोही गेला.

आईला वॉर्डात आणल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ताई जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. बाबा पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. आईने बोटाने मला जवळ बोलावलं. गळ्याला पट्ट्या, मधे नळी. आणि तिने सुरुवात केली! भुवया चढल्या, बोट नाचायला लागलं, ओठ भराभर हलायला लागले. माझे जन्मापासूनचे सगळे पराक्रम निघाले असावेत. ऐकू येत होती फक्त नळीतल्या श्वासाची सुरसुर. मी मान खाली घालून उभा. आयुष्यभर हिची बोलणी खाताना मनात म्हणायचो, आता थांब की! त्या दिवशी त्यातला एक, निदान एक शब्द कानावर पडावा म्हणून जीव कासावीस झाला.

ती दमून थांबली. बाबा हळूच माझ्याजवळ आले. "काय म्हणाली रे?"

"कळलं नाही. पण शेवटचं बोट तुमच्याकडे होतं."

बाबांनी सवयीने लगेच आईकडे बघून मान डोलावली. "हो, हो. बरोबर आहे तुझं."

कॉम्प्युटर आता ताईच्या ताब्यात आहे. तिने तो पुसून नव्याने लावून घेतला. अँटिव्हायरस एकच, तो रोज आपोआप अपडेट होतो आणि प्रत्येक फाइलीची कॉपी तिच्या कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर जाते. परवा तिच्या परवानगीने ती डिस्क उघडून पाहिली. मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि माझे पासपोर्ट साइझ फोटो. अगदी सुरक्षित आहेत हो!