दोऱ्याची गाठ

आमच्या शेजारच्या गणूतात्यांच्या हातात काहीही ठेवा, ते आधी विचारणार, "आत काय घातलंय?" चहाला विचारतात, प्रसादाच्या शिऱ्यालाही विचारतात. एका लग्नात त्यांनी जिलबीच्या रंगावरून आचाऱ्याला इतकं छेडलं, की शेवटी त्यांना वाढायला नवरदेवाचे वडील स्वतः आले. मी मायक्रोबायॉलॉजी घेतलं, हे सांगायला गेले तेव्हाही तोच प्रश्न. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी म्हटलं, "जंतू."

तासगावाजवळच्या माळावर तात्यांची दोन एकर काळ्या द्राक्षांची बाग आहे. पूर्वी ते बेदाणा करायचे. आता जुन्या बेदाणा शेडमध्येच रीतसर परवाना घेऊन लाल वाईन करतात, वर्षाला एकच टाकी. साखर नाही, विकतचं यीस्ट नाही, औषध नाही. ही जमीन ज्वालामुखीच्या रसाची आहे, असं त्यांना कुणी तरी सांगितलंय. तेव्हापासून म्हणतात, "खालनं आगीनं घातलंय तेवढं बास." स्वतः मात्र थेंबभर जिभेला लावून थुंकतात. त्यामुळे कुणी वाईनची स्तुती केली, की त्याच्याकडेही संशयानं बघतात.

शेडच्या दाराला दोन कुलपं. त्यावर कडीला पांढरा दोरा, आणि उंबऱ्यावर खडूची रेघ. रेघ पुसट दिसली की गल्लीत चौकशी सुरू. दूधवाल्यापासून माझ्या आईपर्यंत सगळे एकदा तरी संशयित होऊन गेलेत. आई म्हणायची, "त्यांच्या टाकीत घालायला आमच्याकडं हाय तरी काय?"

यंदा बाटल्या भरायच्या आधी त्यांनी मला एक शिशी दिली आणि कॉलेजात तपासून आणायला सांगितलं. लेबलवर 'आत काहीही घातलेलं नाही' असं छापायचं होतं. मी सरांची परवानगी घेऊन तपासलं. त्यात थोडं सल्फाइट निघालं. सल्फाइट म्हणजे गंधकाचाच अंश; वाईन टिकावी म्हणून बरेच जण तो बाहेरून घालतात. घाबरत घाबरत मी ते सांगितलं.

मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण तात्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, की टाकी ओढ्याला सोडून देतो. अख्ख्या वर्षाची वाईन होती ती. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, वाईन होताना यीस्ट स्वतःच इतपत सल्फाइट तयार करतं. बाहेरून घातलं असतं, तर कितीतरी जास्त आलं असतं. मी मिळेल त्या एसटीनं परत आले. तात्या टाकीजवळ डबा पालथा घालून बसले होते. एक हात नळावर. मी सगळं दोनदा समजावून सांगितलं.

"मग कुणी घातलं न्हाई?"

"नाही तात्या."

"म्या बी न्हाई?"

त्यांनी बसायच्या डब्यावर बोट वाजवलं. बेदाण्याच्या काळातला गंधकाचा डबा होता तो.

"वीस वर्सं बेदाण्याला पिवळा रंग याया धुरी दिली. हाताला सवय हाय, पोरी. आन हल्ली सकाळचं दुपारी ध्यानात ऱ्हात न्हाई. वाटलं, टाकीला बी म्याच धुरी दिली आन इसारलो."

मी दाराकडे पाहिलं. "मग तो दोरा, ती रेघ?"

"माझ्यासाठीच की. गल्लीत इचारायचो, ते दुसरं कुणी निघावं म्हणून. दुसरं कोण येतंय हितं?"

त्यांनी नळावरचा हात काढला. बाहेर येऊन दोन्ही कुलपं लावली आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"बाटल्या भरंस्तवर गाठ तू मारत जा. कॉलेजातनं येताना बघत जा, तुजीच हाय का."

मी गाठ मारली. त्यांनी ती तीनदा ओढून बघितली.