बारा बाटल्या पाणी

बारापैकी बारा बाटल्यांत जंतू शून्य! डॉ. कस्तुरी मगदूम यांनी पुन्हा चष्मा पुसला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात पाणी आणि पोटाचे आजार यांवर संशोधन करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. पण असा निकाल कधी आला नव्हता. पाणी पाटणजवळच्या एका गावचं. तिथं दर पावसाळ्यात निम्मं गाव जुलाबानं आडवं व्हायचं. म्हणूनच विहिरी, झरे, नळ अशा बारा ठिकाणचं पाणी त्यांनी स्वतः भरून आणलं होतं.

तेवढ्यात सरपंच हंबीररावांचा फोन आला.

"म्याडम, काय निघालं?"

"जंतू शून्य आलेत, पण..."

'पण' ऐकायला हंबीरराव थांबलेच नाहीत.

दोन दिवसांनी कस्तुरीताई पुन्हा पाणी घ्यायला गावात पोचल्या, तर हलगी सुरू! 'जिल्ह्यात सर्वात शुद्ध पाणी' असा फ्लेक्स लागलेला. त्यांना फेटा बांधून थेट स्टेजवर बसवलं.

"आता टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची बंद!" हंबीररावांनी जाहीर केलं.

कस्तुरीताई घाबरून उठल्या. "थांबा! त्या बाटल्यांना कुणी हात लावला होता का?"

पुढच्याच रांगेत शालूबाई बसल्या होत्या. बाटल्या भरल्या त्या दिवशी कस्तुरीताई त्यांच्याकडेच जेवल्या होत्या.

"मी लावला की! तुमी जेवून घरोघर चौकशीला गेलासा, तवा ते वतून दिलं नि आमच्यातलं उकाळल्यालं पाणी भरलं. असलं घाण पाणी पाव्हणीसंगं सांगलीला धाडायचं व्हय? गावाची अब्रू हाय का न्हाई?"

हलगी थांबली. हंबीरराव फ्लेक्सकडे बघायचं टाळू लागले. कस्तुरीताईंना मात्र हसू फुटलं.

"मावशी, यंदा तुमच्या घरात जुलाब कुणाला झाले?"

"कुनाला बी न्हाई. आमी उकाळूनच पितो."

"ऐकलंत?" कस्तुरीताईंनी आपला फेटा उतरवून शालूबाईंच्या डोक्यावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

नव्यानं घेतलेल्या नमुन्यांत सात ठिकाणं दूषित निघाली. पावडर चालू राहिली, घरोघर पाणी उकळू लागलं आणि पुढच्या पावसाळ्यात गाव ठणठणीत राहिलं. कस्तुरीताईंचा शोधनिबंध छापून आला. 'तुलनेसाठी उकळलेल्या पाण्याचे बारा नमुने' या कल्पनेचं फार कौतुक झालं. सहलेखिका म्हणून शालूबाईंचं नाव होतं.

त्यांचा लगेच फोन आला. "नाव झ्याक छापलंय. पन म्याडम, बारा न्हाई, अकरा."

"म्हणजे?"

"बाराव्या बाटलीच्या टायमाला ग्यास संपला. तिच्यात झऱ्याचं नितळ पाणी हुतं, ते न वतता तसंच ठिवलं."

कस्तुरीताईंनी कपाळाला हात लावला आणि हसत हसत दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. त्यावर दोन्ही लेखिकांच्या सह्या लागणार होत्या.