ताशी त्रेचाळीस

"स्पीडोमीटर ही गणित न येणाऱ्या लोकांची सोय आहे!" असं ठणकावून सांगून दशांशरावांनी जुनी गाडी घेतली. स्पीडोमीटरची केबल तुटलेली होती, त्यामुळे वेगाचा काटा झोपलेला आणि किलोमीटरचे आकडेही जागच्या जागी. विकणाऱ्याने आपणहून किंमत उतरवली तेव्हा दशांशराव गालातल्या गालात हसले होते.

दशांशराव हे अर्थातच टोपणनाव. पंपांच्या कारखान्यात ते नकाशे काढायचे, आणि साखर किती घालू असं विचारलं तर "एक पूर्णांक पंचवीस चमचे" असं उत्तर द्यायचे. हिशोबावर त्यांचा भारी विश्वास. डोळ्यांवर तेवढा नव्हता.

त्या सकाळी बायकोची मुलाखत होती. डोंगराच्या माथ्यावर एक निवासी शाळा, तिथे गणिताच्या शिक्षिकेची जागा. मुलगी लहान होती म्हणून तिने नोकरी सोडली, आणि नंतर चार शाळांनी तिला नकार दिला होता. या पाचव्या शाळेने अकरा वाजता बोलावलं होतं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "आपण बसने जाऊ या का?" असं तिने तीनदा विचारलं, आणि तीनदा दशांशरावांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. मग सासूबाईही निघाल्या. लेकीला धीर द्यायला, असं त्या म्हणाल्या. जावयावर लक्ष ठेवायला, हे सगळ्यांना कळलं.

सव्वादहाला गाडी घाटाला लागली. चौदा किलोमीटरचा रस्ता, एकही फाटा नाही, शाळेच्या फाटकाशी संपतो आणि त्यापुढे थेट दरी. पहिल्याच वळणावर धुक्याने गाडीला गिळलं. काचेपलीकडे नुसतं पांढरं. कठडा नाही, झाड नाही, आकाश नाही.

"हळू चालवा हो," बायको म्हणाली. "किती स्पीड आहे?"

दशांशराव याच प्रश्नाची वाट बघत होते! "हे बघा आई," ते मागे बसलेल्या सासूबाईंना म्हणाले. "इंजिन मिनिटाला बत्तीसशे फेरे घेतंय, हा इंजिनाचा काटा सांगतोय. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या आठ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. म्हणजे चाकाचे झाले चारशे. एका फेऱ्यात चाक एक पूर्णांक आठ मीटर जातं, मी स्वतः दोरी लावून मोजलंय. मिनिटाला सातशे वीस मीटर. ताशी त्रेचाळीस!"

"बाहेर बघून नाही का कळत?"

"बाहेर बघून अंदाज येतो, आई. उत्तर येत नाही!"

"अहो, तो डावा पाय क्लचवरून काढा," बायको म्हणाली. "शिकवणारे मास्तर कितीदा ओरडायचे तुम्हाला."

"नुसता टेकलाय गं. पाय कुठेतरी ठेवायला नको का?"

धुकं काचेला चिकटून बसलं होतं. दशांशराव काटा बत्तीसशेवर ठेवून चालले होते. इंजिन एका सुरात घुमत होतं, पण रस्त्याचा आवाज मात्र हळूहळू कमी होत गेला. खडे उडायचे थांबले. धक्के बसायचे थांबले. गाडी जमिनीवरून चाललीय की नाही, अशी शंका यावी इतकं सगळं मऊ झालं. बायकोने काच जरा खाली केली, तर गार हवेबरोबर जळकट वास आत आला.

"कुठेतरी काहीतरी जळतंय," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात डावीकडे एका छोट्या पुलाचा कठडा दिसला, आणि त्यावर बसलेली एक म्हातारी. उंच, अंगात पायघोळ पांढरा रेनकोट, हातात काठी. तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं. मग ती मागे पडली आणि धुक्यात मिसळून गेली.

"इथे एकटी कोण बसलंय या वेळी?" बायको पुटपुटली.

थोड्या वेळाने उजव्या बाजूला ठक ठक असा आवाज येऊ लागला. दशांशरावांनी मान वळवली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तीच म्हातारी! सावकाश चालत, काठी टेकत, ती गाडीच्या बरोबरीने आली. खिडकीतून एकदा आत वाकून पाहिलं. आणि गाडीला मागे टाकून पुढे निघून गेली.

दशांशरावांनी काटा पाहिला. बत्तीसशे!

"ताशी त्रेचाळीस," ते म्हणाले. "आपण ताशी त्रेचाळीसने चाललोय, आणि ती चालत पुढे गेली."

"हिशोब चुकला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"हिशोब चुकत नाही!" दशांशरावांनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला होता. त्यांनी मनात गुणाकार केला, उलटून तपासला आणि पांढरेफटक पडले. "आई, आपण साडेएकवीस किलोमीटर आलोय."

"मग?"

"रस्ता चौदाचाच आहे."

सासूबाई पुढे वाकून काचेतून पाहू लागल्या. इंजिन तेवढं घुमत होतं.

"म्हणजे आपण रस्ता संपून साडेसात किलोमीटर पुढे आलोय," दशांशराव म्हणाले. "धुक्यात फाटक कळलं नाही. पुढे दरी होती. आपण... आपण आता नाही आहोत, आई."

"अहो, पडलो असतो तर दणका नसता का बसला?" बायको म्हणाली.

"तो कळत नाही म्हणतात."

"आणि माझे गुडघे का ठणकतायत मग?" सासूबाई कडाडल्या. "मेल्यावरही तेच गुडघे?"

पण त्यांनीही पर्स छातीशी घट्ट धरली होती. इंजिन घुमतच होतं आणि बाहेरचं पांढरं आता हलतच नव्हतं. त्या पांढऱ्यातून म्हातारी परत आली. तिने काठीने काचेवर ठक ठक केलं. दशांशराव काच खाली करीनात, तेव्हा बायकोने आपल्या बाजूची केली.

"तुम्हालाच बोलावलंय ना आज?" म्हातारीने विचारलं. "चला माझ्याबरोबर. वर सगळे थांबलेत."

बायकोने घड्याळ पाहिलं, फाइल उचलली आणि दार उघडलं.

"जाऊ नकोस!" दशांशरावांनी तिची ओढणी धरली. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्यावाचून घर ही कल्पनाच त्यांना सहन होईना. बसने गेलो असतो तर ही वेळ आली नसती, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. ते म्हातारीकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "तिला सोडा हो! तिच्याऐवजी मला न्या!"

म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुमचा अर्ज आलेला नाही," ती म्हणाली. "मी मुख्याध्यापिका. रोज त्या मागच्या पुलापर्यंत फिरायला येते. आणि तो पाय काढा क्लचवरून. प्लेट जळल्याचा वास पार पुलापर्यंत येतोय. इंजिन फिरतंय तुमचं, चाकं नाही!"

दोघी धुक्यात दिसेनाशा झाल्या. काठीची ठकठक बराच वेळ ऐकू येत होती. दशांशरावांनी हळूच डावा पाय उचलला. गाडी तरीही जागची हलेना. सासूबाई उतरल्या, चार पावलं चाचपडत गेल्या आणि एका दगडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जावईबापू, इथे लिहिलंय, शाळा एक किलोमीटर," त्या म्हणाल्या. "जिवंत आहोत. या बाहेर."

दुपारी धुकं विरलं आणि शाळेच्या दूधगाडीतून बायको खाली आली. ती हसत होती. नोकरी मिळाली होती! मुख्याध्यापिकांनी एकच प्रश्न विचारला म्हणे. गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, हे मुलांना कसं समजवाल? बायकोने फळ्यावर गाडी काढली, क्लच काढला आणि डावा पाय काढला. समिती पोट धरून हसली. पहिल्या चाचणीत हे उदाहरण घालायचं, असंही तिथेच ठरलं.

दशांशरावांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. फक्त तो कोणाला दाखवावा हे कळेना.

दूधगाडीला दोर बांधून गाडी खाली न्यायचं ठरलं. दशांशराव स्टिअरिंगवर बसले. डावा पाय त्यांनी मुडपून सीटवरच घेतला होता. उतार लागला, वळणं भराभर मागे पडू लागली, कठड्याचे दगड सर्रकन जाऊ लागले.

"जावईबापू," मागून सासूबाईंनी विचारलं, "आता किती स्पीड?"

दशांशरावांनी सवयीने काट्याकडे पाहिलं. इंजिन बंद होतं. काटा शून्यावर होता.

"आई," ते म्हणाले, "तुम्हीच जरा बाहेर बघून सांगता का?"