गजाभाऊंची टोपी

लग्नाच्या पंगतीत बासुंदीची वाटी रिकामी करून कुणी डोक्यावरची टोपी छातीशी धरली, तर लोकांनी काय समजायचं? आपल्यात टोपी उतरते ती कुणी गेलं की. वाढायला आलेल्या गुजराती काकी जागीच थबकल्या. "कोण गुजरी गयुं, गजाभाई?"

"कुणी नाही हो. तांतो दि कापेल्लो!" गजाभाऊ म्हणाले, आणि आणखी एक वाटी मागितली.

असे हे आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातले गजाभाऊ. बाजव्याकडे एका कारखान्यात फिटर होते. बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या त्या वर्षांत तिथे इटलीहून मशीन आलं आणि ते बसवायला एक साहेब. साहेबाला जमेना तो गिअर गजाभाऊंनी बसवला, तेव्हा त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि हे शब्द म्हटले. तुझ्यापुढे टोपी काढली, असा त्याचा अर्थ. साहेब महिन्याभरात गेला. शब्द गजाभाऊंनी ठेवून घेतले.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या कामाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय. तरी माझ्या झोपाळ्यापुढे त्यांची टोपी उतरली, तेव्हा मी दोन दिवस मान ताठ करून फिरलो. खोटं कशाला सांगू?

उतरत नसे ती फक्त घरात. कुसुमवहिनींनी चाळीस वर्षं रांधून घातलं. त्यांना "बरं झालंय" एवढंच. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "त्या शेवउसळवाल्यालासुद्धा टोपी. माझ्या वरणाला एकदा तरी काढा की!"

"घरच्यांना कसली टोपी?"

वहिनी हसल्या, पण ताट जरा आपटूनच ठेवलं.

मग वहिनींना लकवा झाला. उजवा हात गेला. तीन महिने गजाभाऊ पोळ्या जाळत होते. ओट्याशी बसता यावं म्हणून मी उंच स्टूल करून नेलं, त्याच दिवशी वहिनींनी डाव्या हाताने वरण-भात केला. मलाही बसवलं.

वरणात मीठच नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच गजाभाऊंनी माझी मांडी दाबली. स्वतःची वाटी चाटूनपुसून संपवली. मग टोपी काढून छातीशी धरली.

"तांतो..." पुढचं काही केल्या बाहेर येईना.

 वहिनींची जीभ अजून जड होती, तरी दटावलंच:

"डोक्यावर ठेवा ती. मी आहे अजून."