श्रीमंत पर्वतरावांच्या मोटारीने देवीस मागे टाकिले त्याचे वर्तमान

श्री गावदेवी साह्य असो. लिहिणारास शाई पुरो, ऐकणारास झोप न येवो. आज्ञा जाहली की श्रीमंतांच्या मोटारीची हकीकत मुळापासोन लिहोन द्यावी, म्हणोन लिहितो. शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंग नाम संवत्सर. ते समयी राज्य विलीन होऊन वीस वर्षे होत आली होती. हत्ती गेले, घोडे गेले, तोफ कचेरीपुढे शोभेस लागली, आणि राज्य म्हणावे ऐसी एक काळी मोटार उरली. ती थोरल्या महाराजांनी विलायतेहून आणविली होती. तिचे काम वर्षातून एकच. दसऱ्यास देवीची पालखी देवळातून शिवेपर्यंत पाव कोस जाई आणि तिचे मागे थोरल्या महाराजांच्या राणीसाहेब, म्हणजे आईसाहेब, यांची स्वारी मोटारीतून भोयांच्या पावलाने चाले. आईसाहेबांचे गुडघे गेले होते, वर्षभर त्या माडीवरच असत. त्या दिवशी मात्र खिडकीची काच खाली करोन बसत, बाया पोरे दाखवीत, म्हातारे गाऱ्हाणी सांगत, आणि आईसाहेब नावानिशी विचारपूस करीत. तेवढ्या पाव कोसावर त्या वर्ष काढीत.

ऐशास चैत्रमासी धाकटे महाराज, म्हणजे श्रीमंत पर्वतराव, घाट चढत असता शेजारील संस्थानिकांचे जावई चिमुकल्या लाल गाडीतून भर्रकन पुढे गेले आणि जाता जाता हात हलविला. हात हलविला तो महाराजांचे काळजास लागला. दोन दिवस जेवण गोड लागेना, आणि मग बाबालाल मिस्तरीस बोलावणे गेले. बाबालाल म्हणजे थोरल्या महाराजांचे वेळचा माणूस, इंजिनावर कान ठेवोन दुखणे सांगणारा. महाराजांनी हुकूम केला की इंजिन मिनिटास साडेतीन हजार फेरे घेते ते सहा हजार घेईल ऐसे करावे. बाबालाल म्हणाला, "सरकार, ह्या इंजिनचा सगळा जीव खालच्या फेऱ्यांत हाय. वर चढवला तर खाली काय ऱ्हाणार न्हाई. दसऱ्याला काय करायचं?"

महाराज बोलिले, "दसरा लांब आहे."

मग मसलत सुरू जाहली. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो काढोन उंच उठावाचा नवा घातला, स्प्रिंगा कडक केल्या, आणि फ्लायव्हील म्हणोन जे जड चक्र सावकाश चालतेवेळी इंजिनास धीर देते, ते लेथवर धरोन निम्मे हलके केले, आणि दोन कार्बोरेटर वर बसविले. लिहिणारास यातले काही कळत नाही, बाबालालने सांगितले ते लिहिले. जुना दांडा त्याने तेल लावोन, धोतराच्या फडक्यात गुंडाळोन पेटीत ठेविला. ज्येष्ठाचे आरंभी घाटाची शर्यत जाहली. इंजिन सहा हजारांवर ऐसे ओरडले की वानरे झाडे सोडोन गेली, लाल गाडी तिसऱ्या वळणावर मागे पडली, आणि महाराजांनी आरशात पाहोन हात हलविला. फत्ते जाहली, पेढे वाटले.

भाद्रपदात बाबालाल पुन्हा येऊन म्हणाला की जुना दांडा परत घालतो, चार दिवसांचे काम आहे. महाराजांनी ऐकिले नाही. रयतेने फत्तेचा आवाज ऐकावा ऐसी त्यांची इच्छा होती. रयतेने ऐकिला. दसऱ्यास पालखी उठली, मागे मोटार निघाली आणि दहा हातांवर बंद पडली. पुन्हा चालू केली, गचके देऊन पुन्हा बंद. आत आईसाहेब आदळत होत्या, क्लच जळोन धूर निघाला, बाया पोरे घेऊन मागे सरल्या. चौथ्या वेळी महाराज चिडले आणि पाय दाबिला. इंजिनास एकाएकी जीव आला, भोई पालखी सांभाळीत बाजूस जाहले, आणि मोटार देवीचे पुढे पन्नास हात जाऊन थांबली. राज्य होते तेव्हाही देवीचे पुढे कोणी गेले नव्हते. वाजंत्री थांबली.

आईसाहेब हळूच बोलिल्या, "देवी मागं राहिली. गाडी मागं घ्या."

क्लच जळाला होता, गाडी मागेपुढे कोठे हलेना. तेव्हा महाराजांनी डोईचा मंदिल काढोन गादीवर ठेविला, बाबालालास चाकावर बसविले, आणि खाली उतरोन खांद्याने मोटार मागे लोटिली. पालखी पुढे गेली, मग महाराज मोटारीचे पाठीमागे जाऊन ती पुढे लोटू लागले. गडी धावले, त्यांस आईसाहेबांनी हाताने वारिले, ओढ्याच्या चढणीपुरते मात्र येऊ दिले. मोटार भोयांच्या पावलाने चालली, काच खाली जाहली, बाया पुन्हा आल्या. कोणाची सून माहेरी बसली, कोणाची विहीर आटली, हे महाराजांनी जन्मात प्रथमच ऐकिले, कारण आजवर ते पुढे बसत आणि इंजिनाचा आवाज असे. शिवेवर पोहोचले तेव्हा अंगरखा घामाने भिजला होता आणि एक जोडा उसवला होता.

दुसरे दिवशी महाराज लाजोन बोलिले की जुना दांडा घालावा. बाबालाल पेटी घेऊन आला. आईसाहेबांनी माडीवरोन निरोप पाठविला, "राहू द्या. शर्यतीला इंजिन आहे, दसऱ्याला माझा मुलगा आहे."

तेणेंप्रमाणे सात दसरे जाहले. आठव्या वर्षी श्रावणात आईसाहेब कैलासवासी जाहल्या. दसऱ्यापूर्वी बाबालालने कोणास न पुसता जुना दांडा आणि कोठोनसे मिळविलेले दुसरे जड चक्र बसविले. पालखी उठली तेव्हा मागील गादी रिकामी होती आणि इंजिन थोरल्या महाराजांचे वेळी चाले तैसे संथ, न अडखळता चालत होते. महाराजांनी घटकाभर ऐकिले, मग किल्ली फिरवोन बंद केले, बाबालालास चाकावर बसविले, आणि मागे जाऊन खांदा लाविला.

सारांश, फेरे सहा हजार, वाट पाव कोस. इतुके वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते मोटारीने सांगावे.