एकवीस इंच

देवरावजी मयतीला जातानाही कमरेचा टेप काढून ठेवत नाहीत.

तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतो. आमच्या गल्लीतले एक म्हातारे बाबाजी वारले तेव्हाची गोष्ट. अंगणात लोक तिरडी बांधत होते, आत बायका रडत होत्या, आणि हा माणूस खाली बसला, कमरेचा स्टीलचा टेप सर्रकन ओढला आणि म्हणाला, "पाच फुटाची बांधून राह्यले तुमी. बाबाजी पाच-आठ होते. पाय बाहेर राह्यतीन." लोकांनी डोळे वटारले. "अजी, हे काय मोजाची वेळ हाय काय?" असं कुणीतरी म्हणालंही. पण मसणाच्या अर्ध्या वाटेवर बाबाजींचे पाय खरोखरच बाहेर आले आणि त्या बाजूच्या खांदेकऱ्यांना सगळा रस्ता ते सांभाळत चालावं लागलं. त्या खांदेकऱ्यांत मी होतो.

देवरावजी मोजणी खात्यातून रिटायर झालेले. उभा जन्म लोकांची वावरं मोजण्यात आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे सख्खे भाऊ सोडवण्यात गेला. नोकरी सुटली, टेप सुटला नाही. "मोजल्याबिगर बोलू नये, परकाशभाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी मला आजवर किती वेळा ऐकवलं हे मी मोजलेलं नाही, म्हणून बोलत नाही.

मी प्रकाश. आर्णीला माझं बी-बियाणं, खत, फवारणीच्या औषधाचं दुकान आहे. देवरावजींची आणि आमची कंपाउंडची भिंत एकच. आणि आता तुमच्यापासून काय लपवू, मला या माणसाचा हेवा वाटतो. आजचा नाही, पंधरा वर्षांचा. दोघांनी एकाच दिवशी लिंबाची कलमं लावली. त्यांच्या झाडाखाली लिंबांचा सडा, आमच्या झाडावर मुंगळे. मे महिन्यात आमची बोअर नुसती फुसफुसते, त्यांची खळखळ चालूच. खत माझ्या दुकानातलं आणि वांगी त्यांची फुगतात! अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

ती भिंत मी बांधली तेव्हा ते मोजायला आलेच. "चार इंच आमच्याकडे आली जी तुमची भिंत," म्हणाले. वाटलं, आता हा पाडायला लावतो. तर म्हणतात कसे, "राहू द्या. चार इंचानं कोनी मोठं होत नाही." अरे, भांडायचं ना! भांडला असता तर मी निदान जिंकलो तरी असतो. आता रोज सकाळी दात घासताना मला त्या भिंतीत हे दान दिलेले चार इंच दिसतात.

बरं, एवढा मोठ्या मनाचा माणूस, पण टेप मात्र कुणाच्या हाती देणार नाही. दुकानाच्या शटरसाठी मी एकदा मागितला, तर स्वतः आले, स्वतः मोजलं, आकडा कागदावर लिहून दिला आणि टेप परत कमरेला. "चष्मा अन् टेप ज्याचा त्यालेच लागते," म्हणाले.

पण माझ्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपायच्या त्या त्यांच्या घरातल्या खुर्च्या. माझी उंची पाच फूट दोन इंच. आधी त्यांच्याकडे चहाला बसलो की माझे पाय नीट जमिनीला टेकायचे. मग नुसती बोटं टेकायला लागली. मग एका दिवाळीला फराळ करता करता पाहतो, तर चपला खाली आणि पाय हवेत! पहिलीतल्या पोरासारखे लोंबकळत होते. वाकून पाहिलं तर खुर्चीच्या चारही पायांखाली प्लायवूडच्या चकत्या ठोकलेल्या. दिवाणाखाली त्याच, ओसरीतल्या बाकाखाली त्याच. फर्निचरच्या दुकानातून हा माणूस प्लायवूडचे तुकडे थैलीत भरून आणायचा ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, पाणी तापवायला नेत असेल.

घरी येऊन मी सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणालो, "पाह्यलं काय? चार लोकांत उंच बसाले पायजे त्याले! घरात सिंहासनं करून राह्यला!"

माझी माय बाजेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मले तं त्यायच्या घरी बसाले बरं वाटते बाप्पा."

घ्या. सख्खी माय फितूर.

असं सगळं चाललं असताना एक दिवस देवरावजी भिंतीवरून म्हणाले, "परकाशभाऊ, गाडी घ्याव म्हणतो."

माझ्या हातातला मग बादलीत पडला. "कोणती?"

"थेच तं पाहाचं हाय. डिक्कीवाली घ्याव का बिनडिक्कीची. हिच्या भाचीचं लग्न हाय लोहाऱ्याले, त्याच्या आत पायजे."

ही म्हणजे शांताबाई, आमच्या वैनी. आणि डिक्कीवाली म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मागे पेटीसारखी डिक्की निघालेली ती डिक्कीवाली. मागून सुरीनं कापल्यासारखी ती बिनडिक्कीची. बिनडिक्कीची कुणीही घेतं. डिक्कीवाली दारात उभी राहिली की लोक आधी गाडीला रामराम घालतात, मग मालकाला. माझ्या दारात तेव्हा एक जुनी मोटरसायकल होती, आणि या माणसाच्या दारात डिक्कीवाली येणार!

"मले गाडीतलं काही समजत नाही, तुमी चाला संगं," असं ते म्हणाले. मी गेलो. मदतीला नाही, नजर ठेवायला.

यवतमाळच्या शोरूममध्ये शिरले ते थेट एका पांढऱ्या डिक्कीवालीकडे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा त्यांनी तिच्या डिक्कीवरून हात फिरवला. "नवीन लागलो नोकरीले," म्हणाले, "तवा साहेब असल्याच गाडीतून येत. आमी उन्हात धुऱ्यावर उभे, अन् थे डिक्की उघडून नकाशे काढत. तवापासून मनात हाय."

मग त्यांनी मागचं दार उघडलं, गुडघे टेकले आणि फरशीपासून सीटपर्यंत टेप लावला. "अठरा." चेहरा पडला. उठून शेजारच्या एका उभट, डब्यासारख्या लाल बिनडिक्कीच्या गाडीकडे गेले. तिथेही टेप. "बावीस." डायरीत लिहिलं.

सेल्समन बिचारा मागे मागे. "काका, मायलेज विचारा ना. एअरबॅग विचारा."

"थे तुमी न विचारता सांगान. सीटची उंची कोनी सांगत नाही."

त्या दिवशी तीन शोरूम झाले. तिन्हीकडे हेच, टायर नाही, इंजिन नाही, नुसती सीटची उंची. आणि निघताना परत पहिल्या दुकानात येऊन त्यांनी ती पांढरी गाडी पुन्हा मोजली, जशी काही दोन तासांत ती वाढणार होती. "अठराच," म्हणाले. "एकवीस पायजे होते."

"कायले एकवीस?"

"असंच."

मी काय समजायचं ते समजलो. गाडीतही याला सगळ्यांच्या वर बसायचं आहे! पण डिक्कीवरून फिरलेला तो हात मी पाहिला होता. आज ना उद्या हा पांढरीच घेणार, याबद्दल मला शंका नव्हती. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मी यवतमाळला गेलो आणि तीच गाडी, तोच रंग, घेऊन आलो.

"आपल्याले कायले एवढी?" सुनीता म्हणाली. "घरातून दुकानात अन् दुकानातून घरात."

"तुले नाही समजत," मी म्हणालो. मलाही समजत नव्हतं, पण गाडी पांढरी होती.

पूजा दणक्यात केली. चाकाखाली लिंबं, नारळ, अख्ख्या गल्लीला पेढे. मायला मागच्या सीटवर बसवून चौकापर्यंत एक चक्कर मारली. परत आल्यावर तिला काही उठता येईना. मग मी एक हात धरला, सुनीतानं दुसरा, आणि "हं, हं, जोर लावा" करत तिला बाहेर ओढलं. लोक हसले. मायही हसली.

तेवढ्यात देवरावजी आले. पेढा घेतला, डिक्कीवरून हात फिरवला. "लय सुंदर घेतली जी," म्हणाले. मग मायकडे एकदा पाहिलं आणि गेले. जळला, जळला! त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या दारात ती लाल डब्यासारखी उभी राहिली. मी जिंकलो होतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

फक्त एकच झालं. माय माझ्या गाडीत पुन्हा बसली नाही. लेकीकडे जायचं असो की दवाखान्यात, "नाही रे, मले मळमळते," म्हणायची आणि ऑटो बोलवायला लावायची. मी गाडीत सुगंधी डबी लावली, लिंबू ठेवलं. तरी मळमळतंच.

मग मागच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या मारोतीला रोडग्यांचा कार्यक्रम होता. गल्लीतले सगळे जाणार होते. "माय, चाल, गाडीनं नेतो," म्हटलं. "नाही रे बापा, मळमळते." बरं, म्हटलं, आणि दुकानातून परस्पर गेलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोल रोडगे भाजणं चाललं होतं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत होती. इतक्यात तो लाल डबा आला. एका दारातून वैनी उतरल्या. दुसऱ्या दारातून कोण? माझी माय! कुणाचा हात न धरता उतरली, लुगडं झटकलं आणि हसत हसत भाजीच्या गंजाकडे गेली.

मिरच्या माझ्या नाकाला झोंबल्या की मेंदूला, सांगता येत नाही. मी देवरावजींना बाजूला घेतलं. "माय माही! घरी डिक्कीवाली गाडी! अन् तुमच्या डब्यात तिले मळमळत नाही काय?"

देवरावजी शांतपणे म्हणाले, "तिले मळमळत नाही, परकाशभाऊ. तिले तुमच्या गाडीतून निंगता येत नाही. पूजेच्या दिवशी चार लोकायसमोर पोत्यावानी ओढून काढलं तुमी तिले. थे तुमाले सांगन काय?"

मी वळून पाहिलं, माय भाजीच्या गंजापाशी उभीच होती, बसली नव्हती.

"हिचे गुडघे असेच गेले," ते वैनींकडे पाहत म्हणाले. "खुर्चीतून उठवाले हात द्या लागे. अन् हात देला का रडे. म्हणे, मी आता वझं झाली तुमाले. बाहेर जाणंच सोडलं तिनं. मंग एक दिवस मोजलं. एकवीस इंचावरून थे आपल्या आपण उठते. सतरावरून नाही उठत. मंग महिन्याले अर्धा अर्धा इंच वाढवत गेलो, खुर्ची, दिवाण, बाक, सगळं. एकदम केलं असतं तं समजलं असतं तिले. तिले वाटते, तेलानं गुण आला."

"कोणतं तेल?"

"हाय एका वैद्याचं. चोळते बिचारी रोज. अन् मी अठरा इंचाची गाडी घेतली असती तं? लोहाऱ्याले मांडवासमोर सगळ्या माहेरासमोर अडकली असती. तेलाचं पितळ उघडं पडलं असतं, अन् हे पुन्हा घरात बसली असती."

मला त्यांच्या घरात हवेत लोंबकळणारे माझे पाय आठवले. सिंहासन म्हणालो होतो मी. लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या लाजेतही हेवा वाटला. माझ्या माणसाला किती उंचीवरून उठता येतं, हे मला या जन्मात कधी सुचलं नव्हतं.

"अन् पांढरी?" मी विचारलं.

पलीकडे माझी गाडी उभी होती. देवरावजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "रोज सकाळी भिंतीवरून पाह्यतो तुमची डिक्की. जळते जी मन. खोटं कायले बोलू."

पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. हा माणूस माझ्यावर जळत होता. आणि मला त्याची काडीची मजा आली नाही.

तिकडून वैनींचा आवाज आला. देवरावजींनी गाडीतून आणलेल्या उंच स्टुलावर त्या बसल्या होत्या आणि मायला सांगत होत्या, "तुमी बी लावत जा थे तेल, आत्याबाई. पाहा, मी कशी उठते थे!" आणि दोन्ही हात वर करून त्या उठल्या. बायकांनी वा वा केलं. देवरावजी घाईघाईनं रोडगे उलटवायला वाकले, आणि धुराकडे तोंड करून डोळे पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी गेलो. "देवरावजी, टेप पायजे होता."

मला वाटलं, म्हणतील, येतो अन् मोजून देतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कमरेचा टेप काढला आणि भिंतीवरून माझ्या हातात दिला. "अर्धा इंचच. घाई नाही कराची," म्हणाले. "अन् तेलाची शिशी पहिले आणून ठेवा."

माय बाजेवर बसलेली होती. मी काही न बोलता बाजेखाली शिरलो आणि टेप लावला. पंधरा. चष्मा पुसून परत लावला, पंधराच. तेवढ्यात माय उठायला गेली. बाजेखालून मला फक्त तिचे पाय दिसत होते. टाचा जमिनीत रुतल्या, बोटं ताणली गेली, बाज करकरली, आणि पाय परत सैल पडले. मग पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा तिनं नादच सोडला.

"काय करून राह्यला रे बाजेखाली?" वरून माय म्हणाली.

"काही नाही माय," मी म्हणालो. "ढेकणं पाहून राह्यलो."